स्मृतिसामर्थ्य, सिद्धी आणि जीवस्वरूप

एखादा मनुष्य एकदा ऐकलेले वर्षानुवर्षे विसरत नाही. एखादा मोठमोठ्या संख्यांचा गुणाकार अर्ध्या मिनिटात तोंडाने सांगतो, तर एखादा कोणी न शिकविलेले गणित स्वप्नात पाहिले म्हणून उठून लिहून काढतो. अशा मनुष्याकडे बोट दाखवून 'हे काय मेंदूच्या मांसाचे काम आहे?' असे विचारण्याची प्रथा श्रद्धावान समाजात फार जुनी आहे. प्रवचनात हा प्रश्न आला की श्रोते माना डोलावतात आणि जडवादाचे खंडन झाले असे वक्त्याला वाटते. परंतु खंडन खरोखर झाले काय, हे तपासून पाहणे शास्त्राभ्यासकाचे कर्तव्य आहे. कारण ज्या युक्तिवादावर श्रद्धेचा भार टाकला, तो युक्तिवाद उद्या मोडला तर त्याच्यासह श्रद्धाही खाली येते.

प्रश्न असा मांडता येईल : असामान्य बुद्धिसामर्थ्य हे, मन म्हणजे केवळ देहाचा व्यापार होय, या मताला बाधक आहे काय? बाधक असल्यास कितपत? आणि बाधक नसल्यास जडवाद सिद्ध झाला असे मानावे काय? हे तीन प्रश्न एकमेकांत मिसळले जातात. ते वेगळे ठेवले तरच विचार पुढे जातो.

पूर्वपक्ष

देहाहून निराळा जीव नाही, हे मत आजचे नव्हे. लोकायतिकांनी फार प्राचीन काळी सांगितले की पृथ्वी, आप, तेज व वायू यांच्या विशिष्ट संयोगातून चैतन्य प्रकट होते. धान्य आंबविले असता त्यात मादकता उत्पन्न होते, ती कोठून बाहेरून येत नाही, तसेच हे. आजच्या जडवादाने भूतांच्या जागी चेतापेशी ठेवल्या आहेत, एवढाच मुख्य फरक. मनुष्याच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत, त्यांच्या परस्परसंबंधांची संख्या त्याहून कितीतरी अधिक आहे, आणि स्मृती, गणना, कल्पना, शोक व आनंद हे सर्व त्या जाळ्याचेच व्यापार होत, असे हा पक्ष म्हणतो.

त्याच्या समोर दुसरा पक्ष उभा राहतो. इंग्लंडातील फ्रेडरिक मायर्स यांचा मनुष्याच्या व्यक्तित्वाविषयीचा मोठा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९०३ साली प्रसिद्ध झाला. जागृत मनाच्या खाली एक विशाल मन आहे आणि प्रतिभावंतांत व गणिती बालकांत ते मधूनमधून वर येते, असे त्यांनी प्रतिपादिले. अमेरिकेतील एडवर्ड केली व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली तोच विचार नव्या सामग्रीनिशी पुढे मांडला. मेंदूच्या व्यापारात न मावणारे सामर्थ्य आढळते, म्हणून मन मेंदूहून अधिक काही आहे, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होय.

हे दोन्ही पक्ष ऐकून निर्णय करावयाचा तर प्रथम 'असामान्य' या शब्दाखाली येणाऱ्या गोष्टींची निवड करावी लागते. त्यांचे तीन वर्ग पडतात. सर्वांजवळ असलेले सामर्थ्य एखाद्याच्या ठिकाणी फार मोठ्या प्रमाणात असणे, हा पहिला. एखादी उणीव किंवा आघात यांच्या सोबतीने सामर्थ्य प्रकट होणे, हा दुसरा. इंद्रियांच्या द्वाराविना ज्ञान होणे, हा तिसरा. या तिन्ही वर्गांना एकाच मापाने मोजणे हा या चर्चेतील पहिला प्रमाद आहे.

प्रथम वर्ग : सामर्थ्याचे आधिक्य

शकुंतलादेवी (१९२९–२०१३) यांचे नाव महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. १८ जून १९८० रोजी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात त्यांना तेरा-तेरा अंकी दोन संख्या दिल्या गेल्या आणि त्यांचा सव्वीस अंकी गुणाकार त्यांनी २८ सेकंदांत अचूक सांगितला. हा विक्रम पुढे गिनेसच्या ग्रंथात नोंदला गेला. हे सामर्थ्य पाहून मन थक्क व्हावे यात नवल नाही. परंतु मानसशास्त्रज्ञ आर्थर जेन्सन यांनी १९८८ साली बर्कले येथे त्यांची परीक्षा घेतली, तेव्हा एक मार्मिक गोष्ट दिसून आली. दिवा लागताच कळ दाबणे अशा साध्या कार्यांत त्यांच्या बुद्धीची गती चारचौघांसारखीच होती. म्हणजे त्यांचे मन सर्वच बाबतींत विजेसारखे धावत नव्हते. बालपणापासून संख्यांच्या सहवासात राहून संख्या हीच त्यांची मातृभाषा झाली होती, असे अनुमान करण्यास येथे जागा आहे.

स्मृतीचे उदाहरण याहूनही बोधक आहे. मॉस्कोतील सॉलोमन शेरेशेव्हस्की या वार्ताहराला त्याच्या संपादकाने १९२०च्या दशकात परीक्षेसाठी पाठविले. अलेक्सांद्र लुरिया यांनी त्याचा सुमारे तीस वर्षे अभ्यास केला आणि १९६८ साली त्यावर एक लहानसे पुस्तक प्रसिद्ध केले. अंकांचे व निरर्थक अक्षरांचे तक्ते हा मनुष्य एकदा पाहून सांगे, आणि पंधरा वर्षांनी विचारले तरीही सांगे. त्याची रीत अशी की प्रत्येक शब्दाचे चित्र मनात उभे करावे आणि ओळखीच्या रस्त्याच्या कडेला ती चित्रे क्रमाने ठेवीत जावे. आठवावयाचे झाले की त्या रस्त्याने मनाने पुन्हा फिरून यावे. एकदा त्याच्या यादीतील 'अंडे' हा शब्द सुटला. कारण विचारता कळले की त्याने ते पांढऱ्या भिंतीपुढे ठेवले होते, म्हणून फिरताना नजरेत भरले नाही.

या लहानशा चुकीत फार मोठा बोध आहे. ही स्मृती सर्वज्ञता असती, तर भिंतीचा रंग तिच्या आड आला नसता. तिला साधन होते, साधनाला मर्यादा होती, आणि मर्यादेप्रमाणे चूकही झाली. शिवाय या सामर्थ्याने त्याला सुखी केले नाही. वाचताना प्रत्येक शब्दाचे चित्र उभे राहून अर्थ हरवे, माणसांचे चेहरे ओळखताना तो गोंधळे, आणि नको ते विसरावे म्हणून तो कागदावर लिहून कागद जाळून पाही. विस्मरण हीही एक देणगी आहे, हे ज्याला विसरता येत नाही त्यालाच कळते.

अभ्यासाने मेंदूतही फरक पडतो, असे अलीकडच्या संशोधनातून दिसते. लंडनमधील टॅक्सीचालकांना सुमारे पंचवीस हजार रस्ते पाठ करावे लागतात. एलीनॉर मॅग्वायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली दाखविले की स्मृतीशी संबद्ध असलेल्या मेंदूच्या एका भागाचा मागील अंश या चालकांत इतरांपेक्षा मोठा असतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात यजुर्वेदाचे पठण करणाऱ्या एकवीस पंडितांच्या मेंदूंची तुलना तेवढ्याच इतर व्यक्तींशी करण्यात आली, आणि भाषा व स्मृती यांच्याशी निगडित भागांत लक्षणीय भेद आढळले.

महानुभाव परंपरेला या विषयात परक्यांची उदाहरणे शोधण्याचे कारण नाही. म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांना विचारून, आणि ज्यांनी ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले-ऐकले होते त्यांच्याकडे जाऊन लीळा संकलित केल्या. तो मूळ ग्रंथ परचक्राच्या धामधुमीत नष्ट झाला, तेव्हा एकपाठी म्हणून गौरविलेल्या हिराइसेसारख्या व्यक्तींच्या स्मरणातून तो पुन्हा उभा राहिला, असे परंपरा सांगते. हे स्मरण अलौकिक होते याबद्दल वाद नाही. परंतु त्या पूर्वसूरींनी आपल्या स्मृतीला सर्वज्ञ म्हटले नाही, हे विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. दोघांच्या आठवणीत अंतर पडले तर दोन्ही पाठ ठेवावेत, ज्याची जी आठवण ती त्याच्या नावाने नोंदवावी, ही रीत त्यांनी पाळली. मनुष्याची स्मृती कितीही थोर असली तरी ती चुकू शकते, याची जाणीव त्या रीतीच्या मुळाशी आहे.

तात्पर्य, प्रथम वर्गातील सामर्थ्ये जडवादाला बाधक ठरत नाहीत. प्रमाण वाढले म्हणून जात बदलत नाही. साधा मनुष्य सात अंक लक्षात ठेवतो आणि एखादा सातशे ठेवतो. सात अंकांचे स्मरण मेंदूने होते असे मान्य केले, तर सातशेसाठी वेगळे तत्त्व मागता येत नाही.

द्वितीय वर्ग : उणिवेसोबत आलेले सामर्थ्य

अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथील किम पीक (१९५१–२००९) यांच्या मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा तंतुसेतू जन्मतःच नव्हता. त्यांना हजारो पुस्तकांतील मजकूर मुखोद्गत होता आणि कोणत्याही तारखेचा वार ते क्षणात सांगत. परंतु सदऱ्याची बटणे लावणे त्यांना जमत नसे. त्यांचे वडीलच त्यांना सांभाळीत. १९९०च्या दशकात ब्रूस मिलर यांनी याहून विलक्षण प्रकार नोंदविले. मेंदूच्या पुढील व कडेच्या भागांचा क्षय होणाऱ्या काही वृद्ध रुग्णांत, पूर्वी कधी कुंचला हाती न धरलेल्यांत, चित्रकलेची तीव्र ओढ व कौशल्य उत्पन्न झाले. भाषा ओसरत होती आणि रंग उमलत होते.

वरवर पाहता ही उदाहरणे जडवादाच्या विरुद्ध वाटतात, कारण साधन बिघडले असताना कार्य वाढले. परंतु अधिक विचार केला असता ती बहुतांशी जडवादालाच अनुकूल ठरतात. मेंदूत अमुक ठिकाणी बदल झाला म्हणून अमुक प्रकारचे सामर्थ्य बदलले, असाच संबंध त्यांतून प्रकट होतो. एक भाग दुसऱ्याला आवरून धरीत होता, तो दुबळा झाल्यावर आवरलेला भाग मोकळा झाला, असे स्पष्टीकरण वैद्यक देते. ते अद्याप पूर्ण नाही, पण अशक्यही नाही. 'सध्या उलगडा झालेला नाही' यावरून 'कधीच होणार नाही' असे अनुमान करणे हा हेत्वाभास होय.

रामानुजन यांचा विचार

या दोन वर्गांच्या सीमेवर एक थोर नाव उभे आहे. श्रीनिवास रामानुजन (१८८७–१९२०) हे आपल्या गणिती सिद्धान्तांचे श्रेय नामक्कलच्या नामगिरी देवीला देत. ती स्वप्नात सूत्रे दाखविते अशी त्यांची श्रद्धा होती. जानेवारी १९१३ मध्ये त्यांनी केंब्रिजच्या जी. एच. हार्डी यांना पत्र पाठविले. त्यातील काही सूत्रे पाहून हार्डी चकित झाले आणि पुढच्याच वर्षी रामानुजन विलायतेला गेले. १७२९ या संख्येची कथा सर्वश्रुत आहे : दोन घनांची बेरीज म्हणून दोन वेगळ्या प्रकारे मांडता येणारी ती सर्वांत लहान संख्या होय, हे त्यांनी आजारपणाच्या अंथरुणावरून हार्डींना तत्काळ सांगितले.

येथे दोन गोष्टी नजरेआड करता येत नाहीत. पहिली अशी की सोळा वर्षांच्या सुमारास हाती आलेल्या कार यांच्या सूत्रसंग्रहावर रामानुजनांनी वर्षानुवर्षे अविश्रांत श्रम केले होते. घनांच्या अशा समीकरणांचा विचारही त्यांच्या लेखनात आढळतो. तेव्हा अंथरुणावरील तत्काळ उत्तरामागे दीर्घ सहवास होता. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. हार्डींना पाठविलेल्या पत्रव्यवहारात अभाज्य संख्यांच्या वितरणाविषयी रामानुजनांनी केलेली काही विधाने चुकीची होती. जेथे त्यांची अंतर्दृष्टी खरी ठरली तेथे ती सिद्धतेने खरी ठरली, आणि जेथे खोटी ठरली तेथेही सिद्धतेनेच तिचा दोष दाखविला.

याचा अर्थ नामगिरीची कथा खोटी, असा नव्हे. रामानुजनांची भक्ती निष्कपट होती आणि तिची टवाळी करणे अशिष्टपणा होईल. परंतु ज्ञान कोठून आले यावरून ते सत्य आहे की नाही हे ठरत नाही. स्वप्नात आले म्हणून ते निर्दोष नसते, आणि स्वप्नात आले म्हणून त्याज्यही नसते. उगम व प्रामाण्य या दोन भिन्न गोष्टी आहेत.

तृतीय वर्ग : इंद्रियांविना ज्ञान

खरा विवाद या वर्गात आहे. दुसऱ्याच्या मनातील ओळखणे, दूरचे पाहणे, पुढचे आधी जाणणे, ही सामर्थ्ये निर्विवाद सिद्ध झाली तर आजच्या रूपातील जडवादाला मोठाच धक्का बसेल, हे प्रामाणिक जडवादीही मान्य करतील. म्हणूनच येथे पुरावा काटेकोर हवा.

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात जे. बी. ऱ्हाईन यांनी पाच चिन्हांच्या पंचवीस पत्त्यांवर प्रयोग केले आणि १९३४ साली ते प्रसिद्ध केले. केवळ योगायोगाने सरासरी पाच पत्ते बरोबर यावेत. काही व्यक्तींचे त्याहून बरेच अधिक आले. परंतु पत्ते झाकण्याच्या व नोंदी करण्याच्या पद्धतीतील उणिवांवर टीका झाली, आणि इतरत्र तसे फळ नियमाने मिळेना. पुढे अमेरिकन सरकारने दूरदर्शनशक्तीचा हेरगिरीसाठी उपयोग होतो काय, हे पाहण्यासाठी वीसहून अधिक वर्षे द्रव्य खर्च केले. १९९५ साली तो उद्योग बंद झाला. त्याचे परीक्षण करणाऱ्या दोन तज्ज्ञांत संख्याशास्त्रीय अर्थाविषयी मतभेद राहिला, तथापि त्यातून उपयोगी माहिती मिळाली नाही असाच निष्कर्ष निघाला. २०११ साली डॅरिल बेम यांनी सहस्राहून अधिक व्यक्तींवरील नऊ प्रयोगांचा आधार देऊन भविष्याची चाहूल लागते असे मांडले. दुसऱ्यांनी तेच प्रयोग करून पाहिले तेव्हा ते फळ मिळाले नाही.

तेव्हा आजवरच्या पुराव्यावरून हा वर्ग सिद्ध झाला असे म्हणता येत नाही. तो सर्वथा अशक्य आहे असेही म्हणण्याचे प्रयोजन नाही. परंतु असिद्ध गोष्ट सिद्ध म्हणून सांगणे हा असत्याचाच एक प्रकार आहे, आणि धर्माच्या नावाने सांगितले म्हणून असत्य पवित्र होत नाही. या क्षेत्रात लबाडीचे पीकही विपुल येते, हेही विसरता येत नाही. अलौकिक शक्तीच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीला व छळाला आळा घालण्यासाठी महाराष्ट्राला २०१३ साली कायदा करावा लागला, यातच सर्व काही आले.

मग जडवाद सिद्ध झाला काय?

एवढ्या विवेचनानंतर जडवादी म्हणेल : 'असामान्य सामर्थ्यांचा दाखला गेला, आता जीवही गेला.' परंतु प्रतिपक्षाचा एक युक्तिवाद पडला म्हणून स्वपक्ष सिद्ध होत नाही.

मेंदू बिघडला की मन बिघडते, हे खरे. त्यावरून मन मेंदूवर अवलंबून आहे एवढे सिद्ध होते. मेंदूच मन उत्पन्न करतो, हे त्याहून अधिक आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९७ साली हार्वर्ड येथील व्याख्यानात हाच भेद दाखविला. चहाच्या भांड्यातून वाफ उत्पन्न होते, तो एक प्रकार. रंगीत काचेतून प्रकाश येतो, तो दुसरा. काच फुटली तर प्रकाशाचा रंग बदलेल, काच झाकली तर अंधार पडेल, पण काचेने प्रकाश निर्माण केला असे होत नाही. केवळ परस्परसंबंध पाहून या दोहोंत निवड करता येत नाही.

याहून खोल अडचण जर्मन तत्त्वज्ञ लाइब्निझ यांनी १७१४ साली दाखविली होती. विचार करणारे एखादे यंत्र पिठाच्या गिरणीएवढे मोठे केले आणि त्यात शिरून पाहिले, तर एकमेकांना ढकलणारे भाग दिसतील. जाणीव कोठेही दिसणार नाही. डेव्हिड चामर्स यांनी १९९५ साली हाच मुद्दा आजच्या भाषेत मांडला आणि त्याला 'कठीण प्रश्न' हे नाव रूढ झाले. चेतापेशी कोणत्या क्रमाने स्पंदन पावतात हे सांगता येईल. पण त्या स्पंदनासोबत दुखणे का असते, गोडी का असते, कोणीतरी जाणणारा का असतो, हे त्या वर्णनातून निघत नाही. यावर जडवाद्यांची उत्तरे आहेत. हा प्रश्नच भाषेच्या घोटाळ्यातून उद्भवला असे काही म्हणतात, तर पुढे ज्ञान वाढल्यावर तो विरघळेल असे इतर म्हणतात. वाद मिटलेला नाही.

परंतु येथे एक गोष्ट स्पष्ट होते, आणि तीच या लेखाचा मध्यवर्ती निष्कर्ष होय. जडवादापुढील खरी अडचण असामान्य मनुष्यात नाही, ती सामान्य मनुष्यात आहे. सव्वीस अंकी गुणाकार यंत्रही करते आणि मनुष्याहून लवकर करते. दळण दळणाऱ्या बाईच्या बोटाला चटका बसला असता तिला जे जाणवते, ते मात्र यंत्राच्या वर्णनात मावत नाही. जो पुरावा शोधण्यासाठी लोक चमत्काराच्या मागे धावतात, तो प्रत्येकाच्या साध्या जाणिवेत अगोदरच आहे.

शास्त्राची भूमिका

जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न आहेत, हा महानुभाव तत्त्वज्ञानाचा पाया होय. जीव बद्धमुक्त, देवता नित्यबद्ध, परमेश्वर नित्यमुक्त आणि प्रपंच जड. या विभागणीचा प्रस्तुत प्रश्नाशी निकटचा संबंध आहे. देह व इंद्रिये ही जीवाला लाभलेली साधने आहेत, जीवाचे स्वरूप नव्हेत. साधन तीक्ष्ण असेल तर कार्य तीक्ष्ण होईल, बोथट असेल तर बोथट होईल. आणि कोणत्याही प्रकारची सिद्धी खरोखर प्राप्त झाली असे क्षणभर मानले, तरी ती फार तर देवताफळाच्या कक्षेत येईल. देवताफळ नाशवंत आहे. मोक्ष देणारा एक परमेश्वरच होय. म्हणून सिद्धी सिद्ध झाल्याने साधकाचे काही वाढत नाही आणि असिद्ध ठरल्याने काही उणे होत नाही.

इतर दर्शनांचीही येथे साक्ष आहे. पातंजल योगदर्शनात विभूतींचे सविस्तर वर्णन आहे. तथापि समाधीच्या दृष्टीने त्या विघ्नरूप आहेत असे तेथेच बजावले आहे. एवढेच नव्हे, तर सिद्धी औषधीनेही प्राप्त होते असे ते दर्शन सांगते. जी गोष्ट मुळीच्या रसाने येऊ शकते, ती देहातीत तत्त्वाचा पुरावा कशी होईल? असामान्य सामर्थ्याला जड कारणे असू शकतात, हे प्राचीनांनी स्वीकारले होते. त्यामुळे त्यांची श्रद्धा ढळली नाही, कारण त्यांनी ती त्या खुंटीवर टांगलीच नव्हती.

हा आशय एका दृष्टांताने स्पष्ट होईल. एका गावात दोन वाडे होते. एका वाड्याला मोठा रुंद झरोका होता. दुसऱ्याचा झरोका लहान, त्यातही जळमटांनी भरलेला. वाटसरू पहिल्या वाड्याकडे पाहून म्हणाला, 'एवढा मोठा झरोका, तेव्हा आत कोणी थोर पुरुष राहत असला पाहिजे.' दुसऱ्याकडे पाहून म्हणाला, 'येथे कोणी राहत नाही.' त्याचा सोबती त्याला हसला आणि म्हणाला, 'झरोका गवंड्याने केला, आतल्याने नव्हे. म्हणून दोन्ही वाडे रिकामेच आहेत.'

दार्ष्टांतिक असे : वाडा म्हणजे देह, झरोका म्हणजे बुद्धी व स्मृती ही साधने, आत राहणारा तो जीव. पहिल्याने झरोक्याच्या आकारावरून आतल्याचे थोरपण मोजले, हा चमत्कारवाद्याचा दोष. दुसऱ्याने झरोक्याचा कर्ता गवंडी आहे एवढ्यावरून आत कोणी नाही असे ठरविले, हा जडवाद्याचा दोष. दोघेही झरोक्यावरूनच बोलले. या दृष्टांताने जीवाचे अस्तित्व सिद्ध होते असे समजू नये. दोन्ही अनुमाने सदोष आहेत, एवढेच त्याने दाखविले जाते. जीवाचे ज्ञान शास्त्राने व परमेश्वरकृपेने होते, झरोक्याची लांबी-रुंदी मोजून नव्हे.

एक शंका

येथे कोणी वासनिक विचारील : 'स्मृती जर साधनाकडे गेली, तर नास्तिकाला अर्धे राज्य दिल्यासारखे झाले नाही काय?' ही शंका वरवरची नाही. तिचे उत्तर एका उदाहरणानेच द्यावे लागेल.

एखाद्या आश्रमातील वृद्ध महात्म्याची कल्पना करावी. पन्नास-साठ वर्षे त्यांनी अटन केले, भिक्षा केली, स्मरण केले. सूत्रपाठ त्यांच्या जिभेवर होता. वार्धक्यात त्यांना स्मृतिभ्रंशाचा विकार जडला. आता सूत्राचा पहिला शब्द सांगितला तरी दुसरा सुचत नाही. हाताने वाढविलेल्या शिष्याला ते 'तुम्ही कोण?' असे विचारतात. जेवण झाले हे विसरून पुन्हा ताट मागतात. तरुण साधकाच्या मनात तेव्हा जो प्रश्न उभा राहतो, तो कोणत्याही नास्तिकाच्या ग्रंथाहून अधिक जाळणारा असतो : एवढ्या आयुष्याचे स्मरण कोठे गेले?

असामान्य स्मृती हा जीवाचा पुरावा मानणाऱ्याजवळ या प्रश्नाला उत्तर नाही. स्मृती वाढली म्हणून जीव सिद्ध झाला असेल, तर स्मृती गेली म्हणून जीव असिद्ध झाला असे त्याला कबूल करावे लागेल. ज्या शस्त्राने त्याने नास्तिकावर वार केला, तेच शस्त्र त्या वृद्धाच्या अंथरुणापाशी त्याच्यावर उलटते. उलट स्मृती हे साधन आहे असे ज्याने मानले, त्याला उत्तर आहे : झरोका बुजला, आतला गेला नाही. अर्धे राज्य नास्तिकाला दिले गेले नाही. जे कधी जीवाचे नव्हतेच, ते प्रपंचाच्या हवाली केले, एवढेच.

वैद्यकाच्या इतिहासातील एक घटना येथे विचारात घेण्यासारखी आहे. अमेरिकेतील हेन्री मोलेसन या तरुणावर १९५३ साली फेपऱ्याच्या उपचारासाठी शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर नवी गोष्ट लक्षात ठेवण्याची त्याची शक्ती नाहीशी झाली. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर वर्षानुवर्षे त्याला भेटत राहिल्या, पण दर वेळी त्या त्याला नवख्याच वाटत. तथापि आरशात पाहून आकृती गिरविण्याचे काम तो दिवसागणिक अधिक चांगले करू लागला, आणि आपण हे पूर्वी केले असल्याची आठवण मात्र त्याला नव्हती. आठवण नाही, पण अभ्यासाचा ठसा आहे. जडवादी याचे स्पष्टीकरण मेंदूच्या निराळ्या भागांवरून देतो आणि ते योग्यच आहे. साधकाने त्यातून एवढेच घ्यावे की जिभेवरचे शब्द गेले म्हणजे मनुष्यातील सर्व काही गेले, असे देहाच्या पातळीवरसुद्धा खरे नाही. मग जीवाविषयी घाईने निर्णय का करावा?

आचरणाचा भाग

तत्त्वाचा निर्णय झाला की त्यानुसार वर्तन ठरते. प्रथम, असामान्य सामर्थ्य असलेल्या व्यक्तीचा आदर करावा, पण तिला उपास्य करू नये. बुद्धी तीव्र आहे म्हणून जीव बंधनातून सुटला असे होत नाही. दुसरे, श्रद्धा दृढ व्हावी म्हणून असिद्ध कथा सिद्ध म्हणून सांगू नयेत. ऐकणारा आज डोलेल, पण उद्या सत्य कळल्यावर सांगणाऱ्यासह शास्त्रालाही टाकून देईल. तिसरे, ज्याला पाठ होत नाही, ज्याची बुद्धी मंद आहे, त्याला कमी लेखू नये. केशिराजबास संस्कृतात रचना करू लागले तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना आवरले, कारण त्यामुळे साध्या वृद्ध स्त्रिया ज्ञानाला मुकल्या असत्या. ज्या मार्गाने भाषेचा अडसर काढला, त्या मार्गात पाठांतराचा अडसर नव्याने उभा करणे शोभत नाही.

आणि चौथे, ज्यांची स्मृती गेली त्यांच्यापाशी बसून स्मरण करावे. त्यांनी विचारलेले 'तुम्ही कोण?' हे दहाव्यांदा ऐकूनही पहिल्यांदा ऐकल्यासारखे उत्तर द्यावे. त्यांच्या तोंडी न येणारा सूत्राचा दुसरा शब्द आपण म्हणावा. ग्रंथ नष्ट झाला तेव्हा एकाला जे आठवेना ते दुसऱ्याने सांगितले, दुसऱ्याचे राहिले ते तिसऱ्याने पुरविले, आणि अशा रीतीने लीळा पुन्हा लिहिल्या गेल्या. एकट्याच्या अलौकिक स्मृतीपेक्षा परस्परांच्या उणिवा भरून काढणारी ती निष्ठाच परंपरेला तारक ठरली. ग्रंथाच्या बाबतीत जो धर्म पाळला गेला, तोच वृद्ध साधकाच्या बाबतीत पाळावयाचा आहे. ते जे विसरले, ते मार्गाने त्यांच्यासाठी लक्षात ठेवावे.